सोमवारी लेणी बंद असतात

आश्विन लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना या महिन्यात चांदणं आठवतं, झेंडूची शेतं आठवतात. मला मोबाइल बंद करून कपाटात टाकावासा वाटतो. कारण हिवरखेडच्या आमच्या विहाराच्या ग्रुपवर याच दिवसांत एक प्रश्न येतो, आणि तो आला की पुढचे पंधरा दिवस दुसरं काही येत नाही. यंदाही आला. विहार समितीचे सचिव वानखडे काका यांनी सकाळी साडेसहाला टाकला, "वर्षावास समाप्तीची सहल कुठे न्यावी? सूचना मागवण्यात येत आहेत." त्याखाली अकरा जणांनी हात जोडले होते. सूचना एकाचीही नव्हती.

मी अमरावतीला शाळेत इतिहास शिकवते, राहते तिथेच. पण माझा नंबर त्या ग्रुपमधून कुणी काढत नाही आणि मलाही बाहेर पडता येत नाही, कारण आई हिवरखेडला आहे. माहेर असं मोबाइलमध्ये येऊन बसलंय. मुलांचे पेपर तपासत असताना ते मध्येच किणकिणतं आणि माझ्या हातून एखाद्या पोराचा अर्धा गुण जातो.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, फिरायचं नाही, असा जुना नियम. तोच वर्षावास. आमच्या विहारातल्या बायकांनी तो स्वतःलाही लावून घेतला आहे. आषाढी पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती होईपर्यंत कुणीही हौसेच्या प्रवासाला जायचं नाही. बाळंतपण चालतं, दवाखाना चालतो, मयत चालते. सहल चालत नाही. मग समाप्ती झाली, खीर वाटून झाली, की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत या सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून गाडीत बसलेल्या असतात. तीन महिने दाबून धरलेला प्रवास त्यांना एका दिवसात उरकायचा असतो.

त्यात वानखडे काकांची ठराव मांडायची सवय. काका पंचायत समितीतून निवृत्त झाले, पण ठराव काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. विहाराला रंग कोणता, खिरीत वेलची की जायफळ, सहलीच्या गाडीनं चहाला कुठं थांबायचं, सगळं मांडायचं आणि हात वर करायला लावायचे. एकदा बाळापूरच्या अलीकडे, गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, चहा आधी की डबे आधी यावर मतदान झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. डबे जिंकले. तोवर चहावाल्यानं शेगडी विझवली होती.

आणि याच दिवसांत आमच्या घरातून टक टक आवाज यायचा. समाप्तीच्या जेवणाचं वाटण पाट्यावरचंच पाहिजे, हा आईचा हट्ट. वर्षभर वापरून पाटा गुळगुळीत होतो, मग त्यावर मिरची नुसती घसरते. पूर्वी पाटे टाकवणारी, म्हणजे टाकीनं त्यांना पुन्हा खाचा पाडून देणारी बाई गावात यायची, छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार बसायची. ती यायची बंद झाली तेव्हा आईनं लोहाराकडून छिन्नी आणली आणि स्वतःच पाटा टाकवायला लागली. ओसरीत पाय पसरून बसायची आणि दुपारभर टक टक, टक टक. मी मिक्सर घेऊन दिला होता. तो तिनं खोक्यात घालून, खोक्याला झबलं घातल्यासारखं कापड शिवून, फळीवर ठेवला. "मिक्सर वाटत नाई, चिरडते," म्हणायची. दगडाची कपची उडून डोळ्यात जाईल म्हणून मी ओरडायची. तिच्या डोळ्याला दगडानं काहीच केलं नाही.

डोळ्याचं नुकसान काचबिंदूनं केलं, आणि तेही न बोलता. विहारात वाचायचं काम आईचं होतं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण वाचायला बसली की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या बायकासुद्धा ताठ व्हायच्या. ती शब्दावर बोट ठेवून वाचायची. कितीतरी वर्षं मला त्या बोटाची लाज वाटायची, पहिलीतल्या पोरासारखं काय वाचते म्हणून. एका पावसाळ्यात तिचं बोट पानावर मागे-पुढे व्हायला लागलं. ओळी सुटायला लागल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गेली ती नजर परत येणार नाही, आहे तेवढी टिकवायची. आईनं ते शांतपणे ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "वंदू, मले एकदा लेणी पाह्यची हाये. डोये हायेत तवर."

लेणी म्हणजे अजिंठा. ग्रंथात वाचलेलं सगळं तिथं भिंतीवर काढलं आहे असं तिनं ऐकलं होतं. आडवे झालेले, निर्वाणाला निघालेले बुद्ध तिथं दगडात आहेत, हे तिनं विहाराच्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. ती मूर्ती किती लांब असेल हे तिनं आमच्या ओसरीत पावलांनी मोजून पाहिलं होतं. ओसरी पुरली नव्हती. आणि आश्चर्य बघा, मी चोवीस वर्षं शाळेत लेण्यांचा धडा शिकवते, मुलांकडून क्रमानं सगळी लेणी पाठ करून घेते, आणि स्वतःच्या आईला तिथं नेणं मला एकदाही जमलं नव्हतं.

विहाराची सहल अजिंठ्याला न्यायचा ठराव सलग तीन वर्षं पास झाला होता. एकदा गाडीवाल्यानं लग्नाचं भाडं धरलं. एकदा गाडी सुटायच्या पहाटे काकांनी वाटेतल्या तीन ठिकाणांवर मतदान घेतलं आणि सगळे वेगळ्याच ठिकाणी जाऊन दर्शन, डबे, फोटो उरकून परत आले. तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला. मग आईच्या डोळ्यांचं कळलं त्या वर्षी मी रजा टाकून हिवरखेडला गेले आणि भर बैठकीत सांगितलं, "काका, यंदा ठराव नाई. यंदा मी ठरवते. तुमी फक्त चूप बसा."

काका चूप बसले. मी सतरा जणींची यादी केली. कोण खिडकीशी, कोणाला गाडी लागते, कोणाच्या गोळ्या किती वाजता, सगळं लिहून त्याच्या प्रती काढल्या. पौर्णिमा रविवारी होती. म्हणून समाप्तीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पहाटे पाचला निघायचं ठरवलं. रविवारची गर्दी टळते, असा शेराही कागदावर खाली लिहिला. त्या शेऱ्याचा मला फार अभिमान होता.

गाडी वेळेवर सुटली. हा विहाराच्या इतिहासातला चमत्कारच. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंज्या होत्या, थ्रेशरची धूळ होती, कापसाची बोंडं नुकती फुटायला लागली होती. आई खिडकीशी बसून जेवढं दिसेल तेवढं पाहत होती आणि मला विचारत होती, "ते पांढरं काय हाये वं, कापूस का बगळे?" मी चहाला एकदाच थांबू दिलं. दहाच्या आत आम्ही फाट्यावर होतो, जिथून लेण्यांची बस सुटते. मोठं मैदान आणि त्यात आमची एकटीच गाडी. दुकानांना टाळे. मला वाटलं, गर्दी टळली ती अशी.

खुर्चीत बसलेला एक पहारेकरी उठून आला. खिडकीशी वाकून म्हणाला, "आज सोमवार. लेणी बंद असतात. उद्या या."

पांढऱ्या साड्यांच्या चार रांगा माझ्याकडे बघत होत्या. मी त्या माणसाशी भांडले. आम्ही किती लांबून आलो ते सांगितलं, आईचे डोळे सांगितले, मी शिक्षिका आहे हेही सांगितलं, त्याचा काय संबंध होता कोण जाणे. तो बिचारा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि सोमवार काही बदलत नव्हता. मग मी मागे वळून काकांवर घसरले, "काका, तुमाले तरी मालूम असाले पाह्यजे होतं." काका शर्टाचं बटण चाचपत म्हणाले, "मले वाटे सोमवारचं तथी काहीतरी असते मनून. सांगनार होतो. पन म्याडम, तुमी चूप बसाले सांगतलं ना."

ठराव मांडला असता तर हात वर करायच्या आधी कुणीतरी बोललं असतं. सतरा जणींतल्या तिघींना माहीत होतं, हे नंतर कळलं. एकीचा भाचा तिथं बसवर कंडक्टर होता. पण म्याडमनं कागद छापून आणला होता, त्याच्यापुढे कोण बोलणार?

मुक्काम करणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी निम्म्याजणींच्या घरी सोयाबीन काढायचं होतं, थ्रेशर सांगून ठेवलेलं होतं. झाडाखाली सतरंज्या अंथरून सगळ्यांनी डबे सोडले. जेवायच्या आधी आई उठली, लेण्यांचा डोंगर कोणत्या बाजूला आहे ते तिनं पहारेकऱ्याला विचारलं, तिकडे तोंड करून हात जोडले आणि बुद्धवंदना म्हणायला लागली. सगळ्या तिच्या मागे म्हणत होत्या. मी बाजूला उभी राहून रागानं तो छापील कागद चुरगाळत होते. गाडीत बसताना आई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे वं. लेणी कुठी पयून चालली?"

लेणी पळून गेली नाहीत. नजर गेली. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं, तर शाळेच्या परीक्षा लागल्या. दिवाळीत जाऊ म्हटलं, तर तिला ताप आला. हिवाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, उन्हाळ्यात डाव्याची, आणि पुढच्या आश्विनात तिला दार कुठं आहे आणि खिडकी कुठं, एवढंच उजेडावरून कळायला लागलं. मी हे कुणावर ढकलू शकत नाही. ठराव मी थांबवला, वार मी निवडला. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढणाऱ्या बाईनं आपल्या आईची एकुलती एक इच्छा कॅलेंडर न पाहता घालवली. हे मी आजवर विहारात कुणाला बोलून दाखवलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे ते वेगळं.

विहारातलं वाचन अंगणवाडीतल्या प्रतिभाकडे गेलं. प्रतिभा गुणी मुलगी आहे, पण गाडी सुटत असल्यासारखी वाचते. आई मागच्या रांगेत बसून तिचे गाळलेले शब्द जागच्या जागी म्हणायची. तिला कितीतरी पानं तोंडपाठ होती. दोन महिने प्रतिभानं ऐकून घेतलं, मग एक दिवस ती रडली. तेव्हापासून आई विहारात गप्प बसते, आणि आईनं गप्प बसणं मला प्रतिभाच्या वाचण्यापेक्षा असह्य होतं.

त्याच, म्हणजे गेल्या आश्विनात डोळे दाखवायला तिला अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि नवीन काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी कॅलेंडरमध्ये तीनदा पाहिला. शेजारच्यांची गाडी सांगितली आणि आईला म्हटलं, "चाल, सालबर्डीले जाऊ. मोर्शीच्या पुढं हाये. तथी बी लेणी हायेत."

"आता काय पाहू मी तथी? अंधाराले अंधार?"

"माह्यासाठी चाल."

"तुह्यासाठी चालतो मंग. पन चाय थर्मासात घे. तू थांबू देत नाई."

नांदगाव पेठ मागं पडलं. मोर्शीच्या आसपास रस्त्याकडेला आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागले होते, बायका बसून निवडत होत्या. मी सांगायच्या आधीच आई म्हणाली, "मोर्शी आली." मी चिडून विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "नाक हाये ना अजून."

सालबर्डीला बहुतेक लोक महादेवाला येतात. लेण्याची वाट विचारली तर एकानं उजवीकडे दाखवली, एकानं डावीकडे, तिसऱ्यानं विचारलं की तिथं जाऊन काय करता. हे ऐकून माझा पारा चढला. हजार-दीड हजार वर्षं विहार उभा आहे आणि गावाला वाट सांगता येत नाही. शेवटी एका शेळ्या राखणाऱ्या बाईनं नेलं. आईला धरून पायवाटेनं चढताना मी दर दोन पावलांना सांगत होते, दगड आहे, खड्डा आहे, काटा आहे. आई शेवटी म्हणाली, "वंदू, जरा चूप बस. मले पायानं कयते."

आत गेलो आणि मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. ओसरी, खांब, आत दालन, कडेला भिक्खूंच्या लहान खोल्या, समोरच्या गाभाऱ्यात बुद्धांची झिजलेली, मोडलेली मूर्ती. वटवाघळांचा वास. आणि भिंतीवर नावं. खिळ्यानं, दगडानं, चाकूनं कोरलेली नावं, बदामात, बाणात, मोठ्या अक्षरांत, जिथं हात पोहोचेल तिथं. या एवढ्याशा जागेत तीन महिने पाऊस ऐकत बसणाऱ्यांनी भिंतीवर नाव लिहिलं नव्हतं, आणि यांना दहा मिनिटांत लिहावंसं वाटलं. मी मोठ्यानं बोलायला लागले. शिक्षण काय कामाचं, शाळा काय कामाची, असलंच सगळं. शेळ्यांवाली बाई घाबरून बाहेर जाऊन बसली.

आई तोवर भिंतीला टेकून उभी राहिली होती. तिनं हात वर केला आणि भिंतीवर ठेवला.

"आई, हात नको लावू. लावू देत नाईत."

"मंग कायनं पाहू?"

तिनं तळवा सावकाश फिरवला, थांबली, बोटांनी पुन्हा मागं गेली. चेहरा पाटा टाकवताना व्हायचा तसाच झाला. "टाकी लावेल हाये वं," म्हणाली. "पुऱ्या भिंतीले. माह्या पाट्यासारखीच. पन माहे घाव असे तिरपे येतात, याचे उलटे हायेत." थोडं पुढे सरकली, आणखी चाचपलं. "डावखोरा होता हा. आन् इथून दुसरा मानूस लागला. याचा हात हलका हाये."

चोवीस वर्षं मी मुलांना सांगत आले की लेणी राजांनी, व्यापाऱ्यांनी खोदवली. खोदली कुणी, हे मुलांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आणि माझी आई न बघता सांगत होती की एक डावखुरा होता.

कोपऱ्याजवळ तिचं बोट अडकलं. तिनं ते उचललं, पुन्हा ठेवलं, आणि एक एक खाच धरून चालवायला लागली. मला दिसत होतं तिथं काय आहे. मघाशी त्याच नावावर मी सगळ्यात जास्त भडकले होते, वीतभर उंचीची खोल अक्षरं. आईचं बोट वेलांटीवरून खाली आलं, वळलं, पुढच्या अक्षरावर चढलं. ओठ हलत होते.

"दि... ली... प." मग ती माझ्याकडे वळली, म्हणजे माझा श्वास जिथून येत होता तिकडे. "दिलीप लिवलं हाये. हाये ना? वंदू, सांग ना, दिलीपच हाये ना?"

"दिलीपच हाये," मी म्हटलं.

"वाचता आलं मले," ती म्हणाली. पुन्हा वाचलं. मग शेजारचं वाचलं, मग त्याखालचं गावाचं नाव. एक वर्षानं माझी आई वाचत होती, शब्दावर बोट ठेवून. मला त्या दिलीपचा अजूनही राग येतो, तो भेटला तर मी त्याला सोडणार नाही. पण त्या दिवशी मी आईला ती भिंत संपेपर्यंत वाचू दिलं. थर्मासमधला चहा थंड झाला.

तर यंदा काकांचा तो मेसेज आला आणि रविवारी मी हिवरखेडला गेले. वाचन संपल्यावर काका उभे राहिले, चष्मा पुसला, सूचना मागवल्या. नेहमीप्रमाणे कुणी अजिंठा म्हणालं, कुणी वेरूळ, कुणी नागपूर. मी मागच्या रांगेत आईशेजारी बसून पायाची नखं बघत होते. या वेळी मी काहीही बोलणार नव्हते.

आई म्हणाली, "सालबर्डी. समाप्तीच्या नंतरच्या पयल्या सोमवारी."

"सोमवार काहून?" काकांनी विचारलं आणि माझ्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न केला. पुढच्या रांगेतली एक बाई कुरकुरली, समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी नाही तर मग सहल कसली.

"तथी सुट्टी नसते. कोनत्याबी वारी जा." आईनं मान हलवली. "सोमवारीच जाऊ. एकदा सोमवारी जाऊन पाहू."

"पन शांताबाई, सालबर्डीत पाहाले काय हाये?" काका म्हणाले.

"तुमाले काय पाह्यचं ते पाहा. मी वाचून दाखवतो."

काकांनी वही उघडली, ठराव मोठ्यानं वाचला, ठिकाण सालबर्डी, वार सोमवार, आणि म्हणाले, "ज्यायची मंजुरी हाये त्यायनं हात वर करा." आईचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग प्रतिभाचा. मग रांगांमधून एकेक हात वर जायला लागला, ती कुरकुरणारी बाई धरून. काका बोटानं मोजत होते.

आईनं हात तसाच ठेवून मान माझ्या बाजूला वळवली.

"वंदू, तुहा हात वर हाये ना?"

"हाये," मी म्हटलं, आणि मग वर केला.